वाफेला वेसण घालणारा

चुलीवर आधण ठेवले की थोड्याच वेळात भांड्यावरचे झाकण थडथडू लागते. फटीतून वाफ फुसफुसत बाहेर येते, झाकण किंचित वर उचलले जाते आणि पुन्हा खाली बसते. हे दृश्य माणूस हजारो वर्षे पाहत आला आहे. परंतु ते झाकण घट्ट आवळून बसवले आणि वाफेला बाहेर पडण्यास मुळी वाटच ठेवली नाही, तर काय होईल? वरवर पाहता हा प्रश्न पोरकट वाटेल. पण सतराव्या शतकातील एका फ्रेंच संशोधकाचे सारे आयुष्य या एका प्रश्नाच्या पाठीमागे गेले. या प्रश्नाने त्याला देशोदेशी हिंडवले, विद्वानांच्या पंक्तीला नेऊन बसवले आणि अखेरीस दारिद्र्यातही लोटले. त्या संशोधकाचे नाव दनी पापँ.

फ्रान्समधील ब्ल्वा शहराजवळ शितने नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे 22 ऑगस्ट 1647 रोजी पापँचा जन्म झाला. त्याचे घराणे प्रॉटेस्टंट पंथाचे होते. फ्रान्सचा राजा आणि बहुसंख्य प्रजा कॅथलिक पंथाची असल्यामुळे या अल्पसंख्य लोकांचे जीवन तेथे फारसे सुखाचे नव्हते. पापँने अँजे येथील विद्यापीठात वैद्यकाचा अभ्यास केला आणि 1669 मध्ये त्या विषयाची पदवी मिळवली. घरच्यांची अपेक्षा अशी, की मुलाने आता रोग्यांची नाडी पाहावी आणि सुखाने चार पैसे मिळवावेत. पण पापँचे चित्त औषधांत रमेना. चाके, नळ्या, झडपा आणि दट्ट्या यांत त्याला अधिक गोडी वाटे. वैद्यकी बाजूला सारून तो पॅरिसला गेला.

त्या काळी पॅरिसमध्ये क्रिस्तियान हायगेन्स हा थोर डच शास्त्रज्ञ राहत होता. लंबकाचे घड्याळ बनवणारा आणि शनीच्या कड्याचे खरे स्वरूप ओळखणारा हा विद्वान. त्याने पापँला आपला साहाय्यक म्हणून ठेवून घेतले. गुरू थोर आणि शिष्य कुशल, असा हा योग होता. 1673 मध्ये या दोघांनी एक विलक्षण यंत्र करून पाहिले. एक उभे नळकांडे, त्यात वरखाली सरकणारा दट्ट्या आणि तळाशी बंदुकीच्या दारूची एक चिमूट. दारू पेटवली की तप्त वायू एकदम फुगे आणि नळकांड्यातील बरीचशी हवा झडपांतून बाहेर ढकलून देई. मग झडपा मिटत. आत उरलेला वायू थंड होऊ लागे, तसा त्याचा जोर ओसरे आणि बाहेरची हवा दट्ट्याला खाली रेटी. त्या रेट्याने दोरीला बांधलेले ओझे वर उचलले जाई.

युक्ती नामी होती. पण तिच्यात एक उणीव होती. कितीही खटपट केली तरी नळकांड्यात सुमारे एकपंचमांश हवा उरतच असे. ती थंड झाली तरी नाहीशी होत नसे. आतून दट्ट्याला विरोध करीतच राही. ही उणीव पापँच्या मनात काट्यासारखी सलत राहिली. पुढे सतरा वर्षांनी त्याने तिच्यावर उपाय शोधला. तो कोणता, हे कळण्यासाठी कोंडलेल्या हवेचा स्वभाव आधी समजून घेतला पाहिजे.

बंद भांड्यातील हवा आपल्याला स्वस्थ दिसते. परंतु ती स्वस्थ मुळीच नसते. तिचे असंख्य सूक्ष्म कण सतत धावत असतात आणि भांड्याच्या भिंतींवर आदळत असतात. या अगणित धक्क्यांचा एकत्रित परिणाम म्हणजेच हवेचा दाब. भांडे तापवले की हे कण अधिक वेगाने धावतात, अधिक जोराने आणि अधिक वेळा भिंतींवर आदळतात. भांडे मोठे होऊ शकत नाही, म्हणून दाब वाढतो. 1702 मध्ये गीयोम आमोंताँ या दुसऱ्या एका फ्रेंच संशोधकाने या वाढीत एक नियमितपणा असल्याचे दाखवले. आज आपण तो नियम असा सांगतो, की शून्याखाली 273 अंशांपासून उष्णता मोजावयास आरंभ केला, तर ज्या प्रमाणात तो आकडा वाढेल त्याच प्रमाणात कोंडलेल्या वायूचा दाब वाढतो. 27 अंश सेल्सिअसची हवा 127 अंशांपर्यंत तापवली, म्हणजे हा आकडा 300 चा 400 झाला. म्हणून दाबही मुळाच्या सव्वापट आणि आणखी थोडा, नेमके सांगावयाचे तर एक पूर्णांक एकतृतीयांश पट होतो. हवा पुन्हा थंड केली की दाब पूर्वपदावर येतो.

1675 मध्ये पापँ लंडनला गेला. तेथे रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने त्याला आपल्या प्रयोगशाळेत काम दिले. हवा दाबून तिचे आकारमान निम्मे केले की तिचा दाब दुप्पट होतो, हा नियम 1662 मध्ये जगापुढे मांडणारा हाच तो बॉइल. त्याच्याजवळ पापँने हवेचे पंप तयार केले आणि त्यांच्या साहाय्याने पुष्कळ प्रयोग केले. दाब या गोष्टीशी त्याची जणू बालमैत्री जमली. दाब कमी केला तर काय होते, हे त्याने पाहिलेच होते. आता दाब वाढवला तर काय होईल, हे पाहण्याची इच्छा त्याच्या मनात उत्पन्न झाली.

या इच्छेतून 1679 मध्ये एक नवे भांडे जन्मास आले. जाड धातूचे ते एक नळकांडे होते. त्यात पाणी आणि शिजवावयाचा पदार्थ घालावयाचा, वर भक्कम झाकण ठेवावयाचे, मळसूत्रांनी ते आवळून टाकावयाचे आणि मग खाली विस्तव पेटवावयाचा. पापँने या भांड्याला डायजेस्टर, म्हणजे कठीण पदार्थांना पचवून मऊ करणारे भांडे, असे नाव दिले.

या भांड्यात काय घडत असे? उघड्या भांड्यातील पाणी 100 अंशांना उकळते. मग खाली कितीही जाळ करा, पाणी त्याहून अधिक तापत नाही. वाफ मात्र अधिक होते. बंद भांड्यात वाफेला पळून जाता येत नाही. ती पाण्याच्या पृष्ठभागावर दाब देऊ लागते आणि त्या दाबाखाली पाणी 100 अंशांना उकळतच नाही. ते आणखी तापते, 110 अंश, 120 अंश. अशा तप्त पाण्यात कठीण हाडेही अल्पकाळात मऊ होतात. उंच पर्वतावर हवेचा दाब कमी असल्याने पाणी लवकर उकळते, पण डाळ लवकर शिजत नाही. डायजेस्टरमध्ये घडे ते याच्या नेमके उलट.

परंतु या सोयीच्या पोटातच मोठे संकट दडलेले होते. नुसती कोरडी हवा 20 अंशांपासून 120 अंशांपर्यंत तापवली, तर तिचा दाब जेमतेम एकतृतीयांशाने वाढतो. भांड्यात पाणी असेल तर मात्र गोष्ट निराळी. तेथे आधीचे कण अधिक वेगाने धावू लागतात, एवढेच घडत नाही. पाण्यातून नवे नवे कण सारखे वाफेत येऊन मिळतात. सैन्याचा वेग वाढावा आणि त्याच वेळी त्याची संख्याही वाढत जावी, तसा हा प्रकार आहे. 120 अंशांना एकट्या वाफेचाच दाब वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ दुप्पट होतो आणि पुढे तो अधिकच झपाट्याने चढतो.

आता हा दाब झाकणावर किती बळ लावतो, ते पाहा. वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलोग्रॅम वजनाइतका असतो. आतील दाब त्याच्या दुप्पट झाला, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर आतून बाहेर 1 किलोग्रॅम अधिक रेटा बसू लागला. 20 सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचे क्षेत्रफळ सुमारे 314 चौरस सेंटिमीटर असते. तेव्हा त्या झाकणाला वर उडवू पाहणारे बळ झाले 314 किलोग्रॅम वजनाइतके, म्हणजे तीन क्विंटलांहून अधिक! मळसूत्र जरा कच्चे निघाले, तर झाकण तोफेच्या गोळ्याप्रमाणे उडेल आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा प्राण घेईल.

वाफेचे बळ तर हवे, पण तिने आपल्या जिवावर उठता कामा नये. उधळणाऱ्या बैलाला आपण मारून टाकीत नाही; त्याच्या नाकात वेसण घालतो. पापँनेही वाफेला वेसण घातली. झाकणाला त्याने एक लहानसे भोक पाडले आणि त्यावर एक बूच बसवले. बुचावर एक आडवी दांडी टेकवली. दांडीचे एक टोक खिळलेले होते आणि दुसऱ्या टोकाकडे एक वजन अडकवलेले होते. भोक लहान म्हणून त्यातून येणारे बळही लहान. भोकाचे क्षेत्रफळ 1 चौरस सेंटिमीटर असेल, तर जो दाब अख्ख्या झाकणावर 314 किलोग्रॅमांचे बळ लावतो, तोच दाब बुचावर केवळ 1 किलोग्रॅमाचे बळ लावतो. ते पेलण्यास बेताचे वजन पुरते. शिवाय वजन दांडीवर बाहेरच्या बाजूस सरकवले की बुचावरचा भार वाढतो आणि आत सरकवले की तो कमी होतो. अशा रीतीने किती दाबाला वाफ सोडावयाची, हे माणसाला आधीच ठरवता येऊ लागले. दाब त्या मर्यादेपलीकडे गेला, की बूच आपोआप उचलले जाई, जादा वाफ निघून जाई, आणि दाब उतरला की बूच पुन्हा आपल्या जागी बसे. कोणी जागता पहारा ठेवण्याची गरज नाही. ही जगातील पहिली सुप्रसिद्ध सुरक्षा झडप. 1681 मध्ये पापँने आपल्या भांड्याविषयी एक पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यात सारी रचना उघडपणे सांगून टाकली.

तोपर्यंत, 1680 मध्ये, रॉयल सोसायटी या लंडनच्या विद्वत्सभेने त्याला आपला सभासद करून घेतले होते. 12 एप्रिल 1682 रोजी या सभासदांसाठी एक आगळी मेजवानी झाली. सारे मांस आणि मासे पापँच्या भांड्यातच शिजवलेले होते. जॉन इव्हलिन नावाच्या सभासदाने आपल्या रोजनिशीत या जेवणाची हकीकत मोठ्या चवीने लिहून ठेवली आहे. गाईबैलांची टणक हाडे चीजसारखी मऊ झाली होती आणि हे सारे शिजवण्यास 8 औंसांहूनही, म्हणजे आपल्या पाव किलोहूनही, कमी कोळसा लागला होता. विद्वान मंडळी खूष झाली. पापँचा हेतू मात्र श्रीमंतांचे चोचले पुरवण्याचा नव्हता. जी हाडे लोक टाकून देतात, त्यांतून गरिबांना स्वस्त आणि पौष्टिक अन्न मिळावे आणि त्यांचे सरपण वाचावे, असे त्याला वाटे.

यानंतर पापँ काही काळ इटलीतील व्हेनिस येथे राहिला. 1684 मध्ये तो लंडनला परतला आणि रॉयल सोसायटीच्या सभांत तुटपुंज्या वेतनावर प्रयोग करून दाखवू लागला. दुसऱ्याच वर्षी त्याच्यावर मोठा आघात झाला. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने 1685 मध्ये प्रॉटेस्टंट पंथीयांना दिलेले धर्मस्वातंत्र्य काढून घेतले. आता मायदेशी परत जावयाचे तर स्वतःचा पंथ सोडावा लागणार होता. पापँने पंथ सोडला नाही. तो जन्माचा परदेशी झाला. अखेर जर्मनीतील हेसे-कासेल संस्थानाचा राजा कार्ल याने त्याला बोलावले आणि मारबुर्ग येथील विद्यापीठात तो गणिताचा प्राध्यापक झाला. तेथे विद्यार्थी थोडे आणि पगारही थोडा होता. 1691 मध्ये त्याने नात्यातील एका विधवेशी विवाह केला. संसाराचा भार वाढला.

अशा ओढगस्तीतही जुना काटा सलतच होता. नळकांड्यातून हवा पुरती घालवावी कशी? विचार करता करता पापँच्या ध्यानी आले, की डायजेस्टरमधील वाफ हेच त्याचे उत्तर आहे. तप्त हवा थंड केली तर ती आकसते, पण हवाच राहते. वाफ थंड केली तर तिचे पुन्हा पाणी होते आणि पाण्याला जागा अगदीच थोडी लागते. मग बाकीची जागा जवळजवळ रिकामी!

1690 मध्ये त्याने हा विचार प्रयोगासह प्रसिद्ध केला. सुमारे अडीच इंच व्यासाच्या पातळ धातूच्या नळकांड्यात त्याने तळाशी थोडेसे पाणी घातले आणि दट्ट्या पाण्यापर्यंत खाली सरकवून मधली हवा काढून टाकली. खाली विस्तव धरताच पाण्याची वाफ झाली आणि तिने दट्ट्याला वर उचलले. दट्ट्या वर पोहोचताच एका खिट्टीने तो अडकवला गेला. मग विस्तव दूर केला. नळकांडे निवाले, वाफेचे पाणी झाले, आतला दाब जवळजवळ नाहीसा झाला. खिट्टी काढताच बाहेरच्या हवेने दट्ट्या खाली दाबला आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाचे सुमारे 60 पौंडांचे वजन वर खेचले गेले. चिमूटभर पाणी आणि ओंजळभर विस्तव यांनी हे ओझे उचलले होते. दट्ट्या मोठा केला तर त्याचे क्षेत्रफळ वाढेल आणि त्याच दाबाने शेकडो पौंडांचे ओझे उचलता येईल, हे पापँने जाणले. खाणींतील पाणी उपसावे, नावा चालवाव्यात, अशी स्वप्ने तो पाहू लागला.

स्वप्न खरे व्हावयास मोठी, सरळ आणि आतून गुळगुळीत नळकांडी हवी होती. तशी नळकांडी घडवण्याची कला त्या वेळी बाल्यावस्थेत होती. पापँ 1695 मध्ये कासेलला गेला आणि राजाच्या आश्रयाने खटपट करीत राहिला. प्रसिद्ध तत्त्वज्ञ लायप्निट्स हा त्याचा मित्र होता. दोघांचा पत्रव्यवहार दीर्घकाळ चालला. 1705 मध्ये लायप्निट्सने त्याला इंग्लंडमधील थॉमस सेव्हरी याच्या वाफेच्या पंपाचे चित्र पाठवले. ते पाहून पापँने स्वतःचा निराळा पंप रचला आणि 1706 मध्ये राजासमोर चालवून दाखवला. परंतु पुढे त्या कामाला म्हणावा तसा आधार मिळाला नाही.

निराश होऊन पापँने पुन्हा लंडनची वाट धरली. त्याने एक नाव बांधली होती. तिला वल्ह्यांऐवजी दोन्ही अंगांना चाके होती. ही नाव वाफेवर चालत होती, असे पुष्कळदा सांगितले जाते; पण त्याच्या पत्रांवरून दिसते, की तिची चाके माणसेच फिरवीत. लंडनला पोहोचल्यावर तिला वाफेचे यंत्र जोडावे, अशी त्याची उमेद होती. 24 सप्टेंबर 1707 रोजी बायकामुले आणि सारी चीजवस्तू नावेत घालून तो फुल्डा नदीतून निघाला. म्युंडेन या गावी नावाड्यांचा संघ होता. पुढील नदीत नावा चालवण्याचा हक्क आपलाच, असे ते मानीत. परवाना नसलेली ही नवलाईची नाव पाहताच त्यांनी ती अडवली आणि मोडून टाकली. वर्षानुवर्षांच्या कष्टांची फळकुटे काठावर पडलेली पापँने पाहिली. त्या वेळी त्याचे वय साठ वर्षांचे होते.

तरीही तो लंडनला गेला. पण जुने लंडन आता उरले नव्हते. बॉइल निवर्तला होता. पूर्वीचे स्नेहीही बहुतेक गेले होते. पापँने वाफेच्या नावेविषयी आणि इतर यंत्रांविषयी रॉयल सोसायटीकडे अर्जांवर अर्ज केले. ते वाचले गेले; पैसा मात्र मिळाला नाही. जानेवारी 1712 मधील त्याचे एक पत्र उपलब्ध आहे. त्यात विपन्नावस्थेची व्यथा आहे, आणि कामाचीच मागणी आहे. त्यानंतर त्याचा आवाज ऐकू येत नाही. अलीकडे उजेडात आलेल्या एका नोंदीवरून कळते, की ऑगस्ट 1713 मध्ये लंडनमधील सेंट ब्राइड चर्चच्या दफनभूमीत त्याला मूठमाती देण्यात आली.

दैवदुर्विलास असा, की ज्या 1712 साली पापँ हलाखीत दिवस कंठीत होता, त्याच साली इंग्लंडमधील डडली येथील किल्ल्याजवळ थॉमस न्यूकोमेनचे यंत्र कोळशाच्या खाणीतील पाणी उपसू लागले. दट्ट्याखाली वाफ आणावयाची, ती थंड करावयाची आणि हवेच्या दाबाने दट्ट्या खाली आणावयाचा, हे तत्त्व त्यातही होतेच. पुढे जेम्स वॉटने त्या यंत्रात मोठ्या सुधारणा केल्या. त्यानंतर वाफेने गिरण्या चालवल्या, आगबोटी समुद्रापार नेल्या. 16 एप्रिल 1853 रोजी तीन इंजिने जोडलेली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला धावली, तेव्हा त्या इंजिनांच्या बॉयलरवर जादा वाफ सोडून देणाऱ्या झडपा होत्या. पापँच्या त्या साध्या दांडीचाच तो वंशविस्तार.

आज ब्ल्वा शहरात पापँचा पुतळा उभा आहे. पण त्याचे त्याहून जिवंत स्मारक आपल्या घरोघरी आहे. सकाळी कुकरमध्ये वरणभात शिजत असतो. आत दाब वाढतो, झाकणावरचे वजन उचलले जाते, शिट्टी होते आणि जादा वाफ निघून जाते. डाळ लवकर शिजते, इंधन वाचते आणि घरातील माणसे निर्धास्त असतात. गरिबाचे सरपण वाचावे म्हणून झटणाऱ्या त्या संशोधकाला स्वतःच्या घरी सुखाची चूल पेटवणे लाभले नाही. त्याच्या युक्तीवर मात्र आज असंख्य घरांतील अन्न निर्विघ्नपणे शिजत आहे.